नोएलियाचं डोकं कुणाच्या हातात

आसुआ, डॉमिनिकन रिपब्लिक, १२ जानेवारी २००४

योकास्ता,

आणि वर मलाच सांगतेस की पोरीच्या केसांना सरळ करायचं क्रीम लावू नकोस! मला! तीस वर्षं या हातांनी अख्ख्या आसुआची कुरळी डोकी सरळ केली. नवऱ्या मुली, मास्तरणी, डॉक्टरची बायको, सगळ्या माझ्याच खुर्चीत बसतात. आणि तू माद्रिदहून चार ओळी खरडून मला अक्कल शिकवतेस. त्यात तो फोटो! पाकीट उघडलं तेव्हा दुकानात चार बायका रोलर लावून ड्रायरखाली बसलेल्या. फोटो माझ्या हातातून गेला त्यांच्या हातात. फेलिसिया विचारते, "देयानिरा, पोरीला तिकडे काही दुखणंबिखणं झालं का गं?" मी काय सांगू? की माझ्या लेकीने धडधाकट असताना सगळे केस कापले, आता डोक्यावर रान वाढवतेय, आणि त्या रानाचे फोटो काढून आईला पाठवतेय?

तू सात वर्षांची होतीस तेव्हा पहिल्यांदा क्रीम लावलं तुला. केस कमरेपर्यंत सरळसोट. बायका तुझं डोकं बघून दुकानात शिरायच्या. मी पाटी लावली नव्हती, तूच माझी पाटी होतीस. ती पाटी तू स्वतः कात्रीने कापलीस, ठीक आहे, तुझं डोकं आहे. पण तुझ्या लेकीचं, नोएलियाचं डोकं माझ्या घरात आहे.

तुला जाऊन दोन वर्षं झाली. तुला काय माहीत? दर रविवारी दोन तास तिचे केस विंचरते. कंगव्याचे दात पडतात. पोर अशी किंचाळते की शेजारची क्रुसिता भिंतीवरून ओरडते, "देयानिरा, डुक्कर कापतेस का गं?" शाळेतून सिस्टरची चिठ्ठी दोनदा आली, केस नीटनेटके हवेत. मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन आहे, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेणार. पांढरा झगा, पांढरी जाळीची ओढणी, वर मुकुट. तो मुकुट त्या जंगलावर बसणार कसा? फोटोवाला मार्चच्या पहिल्या शनिवारी येतो. त्याच्या आत मी तिचे केस सरळ करून घेणार. तिचं आठवं सरलं, वय झालं.

तू यात पडू नकोस. तिकडे थंडी आहे म्हणतेस, तर डोक्यावर टोपी घालत जा. दोन्ही कामं होतील.

तुझी आई

&nbsp;

माद्रिद, ५ फेब्रुवारी २००४

आई,

क्रुसिताच्या भाच्याने तुझं पत्र आणून दिलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा टोपीवर हसू आलं.

मी काही ठरवून केलं नाही गं. माझ्या मालकीणबाई, दोन्या रेमेदियोस, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्याच घरात राहायचं, त्यांना उठवायचं, भरवायचं, झोपवायचं. सुट्टी फक्त रविवारी. रविवारी इथे सलून बंद. क्रीम लावायला जायचं कधी? मुळाशी माझे स्वतःचे कुरळे केस यायला लागले, खाली जुने सरळ, आणि दोन्ही जिथे जुळतात तिथून तुटायला लागले. उशीवर केस, मोरीत केस, एकदा म्हातारीच्या सूपमध्ये. तिने चमचा उचलून मला नुसता दाखवला.

खालच्या मजल्यावर पुरा नावाची बाई एका आजोबांना सांभाळते. आफ्रिकेतल्या गिनीची आहे, आपल्यासारखीच स्पॅनिश बोलते. ती म्हणाली, "जुने केस वाचवत बसलीस तर नवेही जातील." बागेतल्या बाकावर बसवून तिने सरळ केस सगळे कापून टाकले. मी रडले. मग हात लावून पाहिलं. आई, माझे केस कसे आहेत ते मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

आता ऐक, रागावू नकोस. नोएलिया किंचाळते कारण तू कोरडे केस विंचरतेस. आपण सगळे तसंच करतो. ओले असताना विंचर. कंडिशनर तळहातभर लाव, आधी बोटांनी गुंता सोडव, मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकापासून सुरू करून हळूहळू वर. मुळापासून खाली ओढायचं नाही. धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, एखादा जुना सुती शर्ट घ्यायचा आणि दाबून पाणी टिपायचं. झोपताना चार सैल वेण्या, वर सॅटिनचा रुमाल. बस. पहिल्या महिन्यात फरक दिसत नाही, तेव्हा धीर सोडायचा नाही.

क्रीमची मला आठवण आहे. टाळू पेटल्यासारखी व्हायची. मी ओरडले की तू म्हणायचीस, "आणखी दोन मिनिटं." मी फळीवरच्या बाटल्या मोजत बसायचे. तुला दोष देत नाही. तुझ्या आईनेही तुला तेच म्हटलं असेल. पण नोएलियाला नको. मुकुटाचं मी बघते, पाहिजे तर पिना पाठवते.

मला शब्द दे.

योकास्ता

&nbsp;

आसुआ, ८ मार्च २००४

योकास्ता,

पत्र मिळालं. इकडे सगळं बरं आहे. २७ फेब्रुवारीला स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक मोठी झाली, या वर्षी मुखवटे चांगले होते. क्रुसिताच्या अंगणातलं केळीचं झाड पडलं. पाद्रीबाबांच्या गुडघ्याला सूज आहे, प्रवचन बसून देतात, त्यामुळे आणखी लांबतं. नोएलियाचा झगा शिवायला टाकला. कम्युनियन २३ मेला ठरलं.

फोटो या वेळी नाही काढला. पुढे काढू. शाळेत उवा फार झाल्यात म्हणून नोएलिया रुमाल बांधून जाते. ती बरी आहे. जेवते.

रविवारी फोन करू नकोस, फोन खराब आहे.

एक विचारायचं होतं. ती तुझी गिनीवाली बाई, तिला केसांतलं कळतं म्हणतेस. एखाद्या गिऱ्हाइकाची टाळू थोडी भाजली असेल, अगदी थोडी, तर केस परत यायला किती दिवस लागतात ते तिला विचार. गिऱ्हाइकासाठी विचारते आहे.

तुझी आई

&nbsp;

माद्रिद, ३० मार्च २००४

आई,

कोण गिऱ्हाईक? नाव सांग.

तुझ्या घरात उवा! तीस वर्षांत तू कधी कबूल केलं नसतंस. मेली असतीस पण उवा म्हटलं नसतंस. आणि टाळूबद्दल तू दुसऱ्या कुणाचा सल्ला विचारतेस? तू?

मी क्रुसिताच्या घरी फोन लावला. तिने नोएलियाला बोलावलं. मी म्हटलं, "काय झालं बाळा?" ती म्हणाली, "आजीने सांगितलंय सांगू नकोस." मग म्हणाली, "आता दुखत नाही."

आता दुखत नाही. आई, हे वाक्य घेऊन मी अकरा दिवस हिंडते आहे.

मी शब्द मागितला होता. तू शब्द दिला नाहीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिला डॉक्टरकडे नेलंस का? खरं काय ते सगळं लिही. नाहीतर मी ला रोमानाच्या मिल्केया मावशीला लिहिते, ती येऊन नोएलियाला घेऊन जाईल. ऑगस्टमध्ये मी सुट्टी काढून येतेय, तेव्हा पुढचं बघू.

योकास्ता

&nbsp;

आसुआ, १७ एप्रिल २००४

योकास्ता,

मिल्केयाला लिहू नकोस. आधी हे वाच. लिहायला मला तीन दिवस लागले. माझं लिहिणं तुला माहीत आहे, तिसरी नापास. त्यातून हे लिहायचं.

२७ तारखेला मिरवणूक. नोएलिया दिवसभर उन्हात, तोंडावर मुखवटा, डोक्याला कापड, धूळ, घाम. दिवसभर डोकं खाजवत होती. मी बघत होते. दुसऱ्या दिवशी शनिवार. पुढच्या शनिवारी फोटोवाला येणार. क्रीम लावायच्या आधी दोन दिवस डोकं खाजवायचं नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. खाजवलेल्या कातडीला क्रीम भाजतं, म्हणून खाजवलं असेल तर परत पाठवते. फेलिसियाला तीनदा परत पाठवलंय. आणि स्वतःच्या नातीला बसवलं. म्हटलं लहान पोर आहे, नखं केवढी असणार.

दुकान भरलेलं होतं. ती म्हणाली, "आजी, जळतंय." मी म्हटलं, "आणखी दोन मिनिटं." ती म्हणाली, "खूप जळतंय." मी म्हटलं, "तुझी आई कधी रडली नाही." हे खोटं आहे, तू रडायचीस. पण बायका बघत होत्या. देयानिराची नात आणि खुर्चीत बसत नाही, हे मला व्हायला नको होतं. मी घड्याळ बघितलं आणि दोन मिनिटं पूर्ण केली.

धुवायला बसवलं तेव्हा उजव्या कानामागचे केस माझ्या हातात आले. तळहाताएवढी जागा. बेसिनमध्ये ते केस, आणि ती खाली बघतेय.

दुकान तसंच टाकून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगी होती, तुझ्या वयाची. तिने मला झापलं. मी ऐकून घेतलं. जखम वरवरची आहे, केस परत येतील, मलम लावा, म्हणाली. जखम भरली. खपली पडली. त्या दिवसापासून नोएलिया एकदाही रडली नाही, मला तेच सहन होत नव्हतं. झोपेत डोक्यावर हात ठेवून झोपायची. मी जवळ गेले की मान आत घ्यायची, कासवासारखी. माझ्या हाताला. ज्या हाताखाली अख्खं आसुआ डोळे मिटून बसतं.

बाकीचे केस वीतभर राहिले होते, अर्धे सरळ अर्धे वाकडे. कापावे लागणार होते. ती म्हणाली, "मी कापणार." मी कात्री दिली. आरशासमोर बसून तिने स्वतः कापले, मागचे तेवढे मला कापू दिले, आणि कात्री लावायच्या आधी दर वेळी मी विचारायचं, असं तिने ठरवलं. विचारलं. एका डोक्याला पंचवीस वेळा विचारलं.

मग तुझं फेब्रुवारीचं पत्र काढलं. मला वाचायला वेळ लागतो म्हणून तिच्याकडून वाचून घेते. आता दर रविवारी ती पत्र हातात धरून बसते आणि मी तिचं डोकं धुते.

"आजी, थांब. टोकापासून लिहिलंय."

"टोक कुठलं ते मला कळतं."

"मग मुळापासून का सुरू केलंस?"

"सवय गं बाई, सवय!"

"आईने लिहिलंय धीर सोडायचा नाही."

"ते केसांबद्दल लिहिलंय."

"नाही, ते तुझ्याबद्दल लिहिलंय."

आठ वर्षांची आहे! तुझ्यावर गेलीय.

क्रीम मी दुकानातून फेकून दिलं नाही, ते सांगून ठेवते. मोठ्या बायका स्वतःच्या पायाने येतात, त्यांचं त्या बघतील. पण पंधराच्या आतल्या पोरीला माझ्या दुकानात क्रीम लागणार नाही. दोन आयांना परत पाठवलं. एक बोलली, "तुमच्याच मुलीचे केस बघून मोठ्या झालो आम्ही." मी म्हटलं, "आता माझ्या नातीचे बघा."

माझं चुकलं. हे वाक्य मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही. ते तू सांभाळून ठेव. पण पोरीला मिल्केयाकडे पाठवू नकोस. मिल्केयाच्या हाताला धीर नाही. माझ्याही नव्हता, पण मी तो शिकतेय. मिल्केयाला तो कुणी शिकवायचा?

आई

&nbsp;

माद्रिद, ६ मे २००४

आई,

मावशीला कळवलं नाही. पत्र लिहून ठेवलं होतं, टाकलं नाही.

तुझं पत्र पुराला वाचून दाखवलं. तिने पत्र हातात घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "माझ्या आईने अजून कबूल केलेलं नाही." एवढंच.

मीही एक सांगते, तुला खरं लिहायला लावलं म्हणून. त्या फोटोत मी जशी दिसते तशी मी रोज नव्हते. दोन्या रेमेदियोसना माझे केस आवडायचे नाहीत, म्हणून दिवसभर टोपीत कोंबून ठेवायचे. तू टोपी घाल म्हणालीस तेव्हा म्हणून हसू आलं होतं. फोटोपुरती टोपी काढली. आणि नाताळाच्या आदल्या आठवड्यात मी क्रीमचा डबा घेऊन दुकानात उभी होते. तुला फोटो पाठवला तो तू मला ओरडावंस म्हणून. तू ओरडलीस की मी हट्टाला पेटते. डबा परत ठेवला. आता टोपी नाही. म्हातारी बघते आणि सूप मागते.

कानामागे रोज विंचरू नकोस, तिथे फक्त थोडं तेल, बोटाच्या टोकाने. रोज मोजत बसू नकोस. तू भात शिजेपर्यंत झाकण चारदा उघडतेस, मला माहीत आहे. हे झाकण उघडू नकोस.

कम्युनियनला मुकुट नको. खरी पांढरी फुलं ओवून गजरा कर आणि तो घाल.

आणि एक. मी ऑगस्टमध्ये येते आहे. माझे इथे राहायचे कागद झाले, तिला घेऊन जाता येईल. पण आधी तू तिला विचार, कुठे राहायचं आहे. तुझ्या मनासारखं उत्तर काढून घेऊ नकोस, नुसतं विचार. आणि ती जे बोलेल ते जसंच्या तसं लिही.

योकास्ता

&nbsp;

आसुआ, २८ जून २००४

योकास्ता,

कम्युनियन झालं. क्रुसिताच्या अंगणातल्या जाईची फुलं, सकाळी पाचला उठून ओवली. केस आता दोन बोटं उंच झालेत, सगळीकडे छोटे छोटे वळसे. गजरा असा बसला की एक पीन लागली नाही. मुकुटवाल्या पोरींचे मुकुट घामाने घसरत होते, आया मागून धरून बसलेल्या. आपली सरळ चालत गेली.

चर्चच्या दारात फेलिसिया म्हणते, "अगंबाई, मेंढरू झालंय पोरीचं!" मी म्हटलं, "फेलिसिया, तुझ्या डोक्यावर मागे किती उरलेत ते मला माहीत आहे. इथे सांगू की दुकानात?" तिचा हात आपसूक डोक्यामागे गेला. नोएलिया एवढी हसली की पाद्रीबाबांनी वळून पाहिलं. सोमवारी फेलिसिया आपल्या नातीला घेऊन आली, म्हणाली, "धुऊन दे नुसते." दिले.

तू उगाच आशा धरू नकोस, माझे केस मी सरळच ठेवणार आहे. मी त्रेपन्न वर्षांची आहे, माझं डोकं माझं आहे. हे तुम्हा दोघींकडूनच शिकले.

कानामागचं. मी झाकण उघडलं नाही. बरं, उघडलं, पण हात लावला नाही. आधी काही नव्हतं. मग एके दिवशी लव दिसली, चोखलेल्या आंब्याच्या कोयीवर असते तशी. मी तिला सांगितलं तर ती ओरडली, "मी कोय नाही!" आता तिथे बोटाच्या पेराएवढे केस आहेत. ओढले की कानाच्या पाळीला लागतात, सोडले की टुणकन वर जातात. ती दिवसातून दहादा हाच खेळ करते. मी म्हणते, नको ओढूस. मग ती नसताना मला वाटतं, आपणच एकदा ओढून बघावं. मागच्या रविवारी ती म्हणाली, "ओढ आजी, तू ओढ." आणि स्वतःहून डोकं पुढे केलं. मान आत नाही घेतली.

यापुढे त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही.

आता तुझा प्रश्न. विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं: "केस खांद्यापर्यंत आले की मी आईकडे जाईन. तोपर्यंत आजीकडे, कारण आजी आता नीट करते." मी शिकवलेलं नाही, देवाशपथ. मग आमचं भांडण झालं. ती म्हणते खांद्यापर्यंत म्हणजे ओढून मोजायचं. मी म्हणते नाही, जसे असतात तसे सोडून मोजायचं. सोडून मोजलं तर तीन वर्षं लागतील, ओढून मोजलं तर दीड. कुठलं माप धरायचं ते तू सांग, तू आई आहेस. मी काय म्हणेन ते तुला ठाऊकच आहे.

पण त्याच्या आधी दुसरं एक निकडीचं आहे. शाळेत नव्या वर्षाच्या मुलींची यादी होतेय. सिस्टरने मला बोलावलं. म्हणे केस "नीट" करून आणा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्या डोक्यावर कापड आहे, आत काय आहे ते आम्ही कधी विचारलं का?" ती लाल झाली. मी म्हटलं, धुतलेले आहेत, विंचरलेले आहेत, रिबीन बांधलेली आहे, आणखी नीट म्हणजे काय ते दाखवा. शेवटी ती नरमली. म्हणाली, "आजीचं चालणार नाही, आईच्या हातचं पत्र आणा, की केस असेच राहतील आणि जबाबदारी आईची." तीस वर्षं मी याच शाळेच्या बाजूने बोलत आले. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे भांडून जिना उतरले.

तेव्हा आता गोलगोल लिहू नकोस. मला एक कागद पाहिजे. एकतर लिही की नोएलिया हे वर्ष आसुआत राहील, तिचे केस जसे उगवतात तसे राहतील, खाली तुझी सही. नाहीतर लिही की ऑगस्टमध्ये तिला घेऊन जातेस. मग मी तिची बॅग भरेन, कंगवा, तेल, सुती शर्ट सगळं घालेन, आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. खोटं कशाला बोलू, काढेन. पण बॅग भरेन.

यादी २३ जुलैला, शुक्रवारी दुपारी बारा वाजता बंद होते. क्रुसिताचा भाचा १९ ला तिकडून निघतो, त्याच्या हाती दे. पोस्टावर विसंबू नकोस, फोनवर तर मुळीच नको, सिस्टर फोन ऐकणार नाही. शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी दुकान उघडणार नाही, दारात उभी राहणार आहे. त्याच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पाहिजे.

आई